राजपुत्र पडतो तेव्हा

नव्वदच्या दशकात कॉम्प्युटर क्लास ही देवघरासारखी जागा होती. चपला बाहेर काढायच्या, आत एसीचा गारवा, मशीनवर प्लास्टिकचं आवरण. सर चहाला बाहेर पडले की कुणीतरी खिशातून फ्लॉपी काढायचं आणि काळ्या पडद्यावर टाइप करायचं: ‘प्रिन्स’. ज्याला आतली माहिती असे तो पुढे एक जागा सोडून ‘मेगाहिट’ हेही टाइप करायचा. मग शिफ्ट आणि एल एकत्र दाबलं की थेट पुढची लेव्हल. इंटरनेट नसताना हा मंत्र गावोगावी कसा पोहोचला, हे कोडंच आहे. पडद्यावर पांढऱ्या कपड्यांतला एक अनवाणी मुलगा तळघरात धावायचा, उडी मारायचा, कडेला लोंबकळायचा. आणि पडायचा. खाली जमिनीतून सुळे वर आलेले असायचे. मागे उभी असलेली चार-पाच पोरं एका सुरात ‘आई गं’ करायची.

तो गेम म्हणजे ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’. 1989 मध्ये सुरू झालेली ही मालिका अजून संपलेली नाही, पण दर काही वर्षांनी तिने आपला सूर बदलला आहे. कधी ती जवळजवळ मुकी होती, कधी परीकथेसारखी बोलकी झाली, कधी एकदम रागीट आणि रक्तबंबाळ, कधी जलरंगातल्या चित्रासारखी हळवी. ‘आमचा प्रिन्स’ म्हणून चाहते भांडतात तेव्हा प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर वेगळाच राजपुत्र असतो.

गेमचा सूर ठरतो कशावर? सिनेमाच्या सवयीने आपण रंग, संगीत, संवाद यांकडे बोट दाखवतो. गेममध्ये मात्र आणखी एक गोष्ट असते, जी सिनेमात नसते: खेळणाऱ्याची चूक. ती झाल्यावर गेम त्याच्याशी कसा वागतो, यात त्याचा खरा स्वभाव दिसतो. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’चा पस्तीस वर्षांहून मोठा प्रवास समजून घ्यायला मग एकच प्रश्न पुरतो. राजपुत्र पडला की पुढे काय होतं?

पार्किंगमधला राजपुत्र

जॉर्डन मेकनर हा न्यू यॉर्कचा मुलगा. येल विद्यापीठात मानसशास्त्र शिकता शिकता त्याने ‘कराटेका’ नावाचा गेम लिहिला. 1984 मध्ये ब्रॉडरबंड या कॅलिफोर्नियातल्या कंपनीने तो बाजारात आणला आणि तो चांगला खपला. पदवी हातात पडल्यावर 1985 मध्ये त्याने पुढच्या गेमची जुळवाजुळव सुरू केली. नायक माणसासारखा हलला पाहिजे, हा त्याचा हट्ट होता. पण हालचालीची चित्रं हाताने काढण्याचं कौशल्य त्याच्याकडे नव्हतं. त्याने मग धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालून एका मोकळ्या पार्किंगमध्ये नेलं. धाव, उडी मार, कठड्याला लटक, वर चढ, असं करायला लावून व्हीएचएस कॅमेऱ्यावर चित्रण केलं. त्या चित्रणातली एकेक चौकट गिरवून त्याने ती कॉम्प्युटरमध्ये उतरवली.

या पद्धतीला रोटोस्कोपिंग म्हणतात. कार्टूनपटांत ती 1910 च्या दशकापासून वापरात होती, पण घरगुती कॉम्प्युटरच्या गेममध्ये अशी सफाई लोकांनी पाहिलेली नव्हती. तलवारबाजीसाठी मेकनरने 1938 च्या रॉबिन हूड चित्रपटातल्या एरॉल फ्लिन आणि बॅसिल रॅथबोन यांच्या द्वंद्वाचा आधार घेतला. दोघे अगदी बाजूने दिसतात असे मोजके सेकंद त्यात सापडले, तेवढ्यावर काम भागलं. संगीत दिलं वडिलांनी, फ्रान्सिस मेकनर यांनी. थोडक्यात, सगळा घरचाच कारभार.

भावाचं शरीर गिरवल्यामुळे राजपुत्राला वजन आलं. त्याच काळातला मारिओ हवेत असतानाही दिशा बदलू शकायचा. राजपुत्राने एकदा उडी घेतली की घेतली. तो धावताना एकदम थांबत नसे, पाय घसरत दोन पावलं पुढे जाई. एका मजल्यावरून पडला तर सावरायचा, दोन मजल्यांवरून पडला तर जिवाचा एक तुकडा जायचा, तीन मजल्यांवरून पडला तर संपला. मारिओ खड्ड्यात गेला की हसू यायचं. राजपुत्र पडला की पोटात गोळा यायचा.

गोष्ट चार ओळींची. सुलतान लढाईवर गेलाय, वजीर जाफर राजकन्येला कोंडतो आणि बजावतो की तासाभरात माझ्याशी लग्नाला हो म्हण, नाहीतर मर. तिच्यासमोर वाळूचं घड्याळ ठेवलेलं आहे. तिचा प्रियकर तळघरात कैद आहे, आणि खेळणाऱ्याच्या हातात खरोखरच साठ मिनिटं आहेत. कृष्णशास्त्री चिपळूणकरांपासून मराठी वाचकांच्या ओळखीच्या झालेल्या अरबी सुरस गोष्टींतले वजीर, मनोरे आणि शहजाद्या इथे जशाच्या तशा हजर आहेत. त्यांच्या जोडीला ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’ या चित्रपटाच्या सुरुवातीच्या मिनिटांतली सापळ्यांची धडपड आहे.

मग पडल्यावर काय होतं? फारसं काही नाही. वाजली तर एक छोटीशी धून. ‘अरेरे’ नाही, ओरडा नाही. लेव्हल पहिल्यापासून सुरू होते आणि घड्याळ मात्र थांबत नाही. कितीही वेळा मरा, प्रत्येक मरणाची किंमत मिनिटांत वसूल होते. या गेमचा सूर कोरडा, शांत आणि निर्दय होता तो या हिशोबामुळे. त्यात मायेचा एकच क्षण येतो. आठव्या लेव्हलला राजपुत्र दाराआड अडकतो, तेव्हा राजकन्येने पाठवलेला पांढरा उंदीर तुरुतुरु येऊन कळीवर उभा राहतो आणि दार उघडतं. तीस वर्षांनंतरही लोकांना तो उंदीर आठवतो.

सावली आली ती अडचणीतून

या गेममध्ये सुरुवातीला शत्रूच नव्हते. अ‍ॅपल टू या मशीनची मेमरी इतकी थोडी होती की आजच्या मोबाइलवरचा एक साधा फोटोही तीत मावणार नाही. राजपुत्राच्या हालचालींनीच ती भरून गेली होती. दुसऱ्या पात्राची चित्रं ठेवायला जागा कुठून आणणार? ‘यात लढाई हवी’ असं एक सहकारी मैत्रीण मेकनरला सारखी सांगत होती आणि तो मेमरीकडे बोट दाखवत होता. शेवटी युक्ती सापडली. राजपुत्राचीच चित्रं घ्यायची, त्यांतल्या ठिपक्यांची गणिताने उलटापालट करायची आणि ती एका ठिपक्याने सरकवून पुन्हा काढायची. पडद्यावर एक काळसर, चमचमती आकृती उभी राहिली. वेगळी मेमरी लागली नाही. राजपुत्राला त्याची सावली मिळाली. पहारेकऱ्यांसाठी जागा त्यानंतर कशीबशी काढली गेली.

गोष्टीत ही सावली अशी येते. चौथ्या लेव्हलला एक आरसा वाट अडवतो. त्यातून उडी मारून पलीकडे जावं लागतं, आणि त्याच क्षणी आरशातून दुसरा राजपुत्र विरुद्ध दिशेला पळून जातो, तुमचं बळ घेऊन. पुढे तो तुमच्या डोळ्यांदेखत औषधाची कुपी पिऊन टाकतो. नंतर ऐन मोक्याला दार बंद करून तुम्हाला खाली पाडतो. शेवटी तो तलवार उपसून समोर उभा राहतो. त्याला वार केला की तुमचंच बळ कमी होतं. मारलं तर दोघेही मरता. उपाय एकच: तलवार म्यान करायची आणि त्याच्याकडे चालत जायचं. दोघे एकमेकांत मिसळतात.

मेमरीच्या टंचाईतून आलेली ही सावली पुढच्या अनेक अवतारांमध्ये या ना त्या रूपात मालिकेच्या मागे लागली.

गेम ऑक्टोबर 1989 मध्ये आला तेव्हा अ‍ॅपल टू मशीन म्हातारं झालं होतं, त्यामुळे खप सुस्त राहिला. डॉस, मॅकिंटॉश, जपानी आणि युरोपी मशीन अशा एकामागून एक आवृत्त्या निघाल्या तशी त्याची कीर्ती पसरत गेली. 1993 मध्ये दुसरा भाग आला, तो पहिल्याचाच मोठा आणि सजवलेला भाऊ. 1999 चा त्रिमितीय भाग घाईत बाजारात आला आणि चुकांनी भरलेला निघाला. राजपुत्र बाजूला पडला.

‘छे छे, असं नव्हतं झालं’

त्याला पुन्हा उभं केलं कॅनडातल्या माँट्रियल शहराने. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीच्या तिथल्या स्टुडिओत पात्रीस देझिले यांच्या दिग्दर्शनाखाली एक चमू कामाला लागला, मेकनर कथालेखक म्हणून सामील झाला आणि 2003 च्या अखेरीस ‘द सँड्स ऑफ टाइम’ आला.

सूर पार बदललेला होता. मुका राजपुत्र आता बोलत होता, आणि फार बोलत होता. तो तरुण, गर्विष्ठ, स्वतःवर खूश. बापाला फुशारकी मिरवायला काहीतरी हवं म्हणून वाटेत भारतातल्या एका महाराजाच्या राजवाड्यावर हल्ला होतो आणि राजपुत्राच्या हाती एक खंजीर लागतो. दगाबाज वजिराच्या बोलण्यात येऊन तो वाळूचं प्रचंड घड्याळ उघडतो, आणि त्या वाळूने जवळजवळ सगळी माणसं राक्षस होऊन जातात. उरतात तो, वजीर आणि लुटीत आणलेली महाराजाची मुलगी फराह. म्हणजे सगळ्या अनर्थाला कारण नायक स्वतः आहे. पुढचा सगळा खेळ हा आपली चूक निस्तरण्याचा आहे.

इथे पडल्यावर काय होतं? खंजिराची कळ दाबली की काळ उलटा फिरतो. पडलेला राजपुत्र वर उचलला जातो, तुटलेली फळी जोडली जाते, तुम्ही पुन्हा कडेवर उभे. खंजिरातली वाळू संपलेली असेल तर मात्र मरण. पण मरण आलं की राजपुत्राचाच आवाज ऐकू येतो. छे छे, असं नव्हतं झालं, मी पुन्हा सांगतो, अशा अर्थाचं काहीतरी तो पुटपुटतो. आपण खेळतोय ते आधीच घडून गेलंय आणि राजपुत्र ते कुणालातरी सांगतोय, असं ते रहस्य आहे. आपली चूक म्हणजे कथेकऱ्याची जीभ घसरणं. गेम जतन केला तरी तो म्हणतो, पुढच्या वेळी इथूनच गोष्ट सुरू करीन. अरबी गोष्टींतल्या शहरजादीने रोज रात्री केलं तेच हे.

तो सांगत असतो फराहला. शेवटी ती दरीत पडून मरते, राजपुत्र काळ पार मागे नेतो, हल्ल्याच्या आदल्या रात्री तिच्या खोलीत शिरतो आणि सगळी हकीकत सांगतो. तिला अर्थातच काहीच आठवत नाही. जाताना तो एक गुपित शब्द उच्चारतो, जो तिने फक्त त्याला सांगितला होता: ‘काकोलुकिया’. मराठी कान इथे टवकारतात. पंचतंत्राच्या तिसऱ्या तंत्राचं नाव ‘काकोलूकीय’, कावळे आणि घुबडं यांच्या वैराची गोष्ट. पंचतंत्र सहाव्या शतकात इराणात पहलवी भाषेत गेलं, तिथून अरबीत ‘कलीला व दिमना’ झालं. गोष्टीच्या पोटात गोष्ट सांगण्याची कला ज्या वाटेने पश्चिमेला गेली, त्या वाटेवरचा एक शब्द एका भारतीय राजकन्येच्या तोंडी असावा, हे फार शोभून दिसतं.

‘द सँड्स ऑफ टाइम’चा सूर गोड आहे, पण तो गोडवा वरून ओतलेला नाही. काळ मागे नेण्याची कळ, चूक दुरुस्त करू पाहणारा नायक आणि शब्द मागे घेणारा कथेकरी, या तिन्ही गोष्टी एकच आहेत.

रागावलेला राजपुत्र

समीक्षकांनी गेम डोक्यावर घेतला. प्रकाशकाला मात्र आणखी मोठा गिऱ्हाईकवर्ग हवा होता, आणि त्या काळच्या बाजाराची समजूत अशी की तो वर्ग म्हणजे कॉलेजवयीन मुलगे, त्यांना हवी मारामारी आणि कर्कश संगीत. वर्षभरात, 2004 च्या अखेरीस, ‘वॉरियर विदिन’ आला. परीकथेतला शहजादा दाढी वाढवून, कपाळाला आठ्या घालून, दोन्ही हातांत शस्त्रं घेऊन उभा होता. त्याचा आवाजही बदलला होता. अमेरिकी वयोगट पद्धतीत आधीचा भाग तेरा वर्षांच्या मुलांना चालणारा होता, हा सतरा वर्षांपुढच्यांसाठी ठरला. सतार आणि गिटार यांच्या मिश्रणाच्या जागी गॉडस्मॅक या हेवी मेटल बँडची गाणी वाजू लागली. शत्रूंची मुंडकी उडू लागली. बायकांचे पोशाख आखूड झाले.

मेकनर या भागात नव्हता. पुढे एका मुलाखतीत त्याने आपली नाराजी लपवली नाही. कलेची दिशा, हिंसा, संवाद, यांतलं काहीच त्याला रुचलं नव्हतं.

तरीही ‘वॉरियर विदिन’ मोडीत काढता येत नाही. काळाशी खेळल्याबद्दल राजपुत्राच्या मागे दहाका नावाचा काळाचा राखणदार लागला आहे, सात वर्षांपासून. तो काळाकभिन्न अजस्र प्राणी भिंती फोडत येतो, रंग विटतात, आणि पळण्यावाचून गत्यंतर नसतं. पळताना एक उडी चुकली की तो गाठतो. पडल्यावर सावरणारी वाळू इथेही आहे, पण त्या वाळूच्याच वापराची शिक्षा म्हणून दहाका आला आहे. आधीच्या भागात जी माफी होती, तिचं हे बिल. शिवाय बेटावर अधूनमधून दिसणारी एक काळी आकृती शेवटी राजपुत्र स्वतःच निघतो. जुनी सावली परत आली.

आज या भागाबद्दल बोलताना लोक दोन गोष्टी सांगतात. त्या गाण्यांचं आणि रांगड्या संवादांचं हसू येतं, आणि दहाकाच्या पाठलागाची अजून भीती वाटते. गाणी बाहेरून आणली होती. दहाका गोष्टीच्या आतून, राजपुत्राच्या जुन्या चुकीतून आला होता. काळोख हा या मालिकेला परका कधीच नव्हता. परका होता तो आरडाओरडा.

दोन सिंहासनं, एक तडजोड

चाहत्यांचे दोन तट पडले होते. 2005 च्या ‘द टू थ्रोन्स’ने दोघांनाही घरात घेतलं. राजपुत्राचा जुना आवाज परत आला, फराह परत आली, बॅबिलॉनच्या छपरांवर ऊन पडलं. पण वाळूच्या संसर्गाने राजपुत्राच्या आत दुसरा कुणीतरी जागा झाला आहे. तो टोमणे मारतो, क्रूर सल्ले देतो आणि मधूनमधून शरीराचा ताबा घेतो. दोन वेगळ्या सुरांतले राजपुत्र एकाच देहात कोंबण्याची ही युक्ती व्यापारी होती खरी, पण ती गोष्टीत चपखल बसली. शेवटी मनाच्या आत दोघांची झुंज होते. काळ्या राजपुत्राला कितीही मारा, तो संपत नाही. उपाय पुन्हा तोच: शस्त्र सोडून त्याच्याकडे पाठ फिरवायची आणि उजेडाकडे चालू लागायचं. 1989 मध्ये तलवार म्यान करायला शिकलेल्यांना हे उत्तर लगेच सुचलं असणार.

याच सुमारास देझिले यांच्या चमूने राजपुत्राच्या अंगरक्षकाला नायक करून एक उपकथा रचायला घेतली होती. ती वाढत वाढत स्वतंत्र झाली आणि 2007 मध्ये ‘असॅसिन्स क्रीड’ या नावाने आली. धाकटी पाती इतकी फोफावली की मूळ झाडाकडे घरच्यांचंच दुर्लक्ष होऊ लागलं.

न मरणारा नायक

2008 मध्ये कंपनीने पाटी कोरी करून नुसत्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या नावाने नवी गोष्ट सुरू केली. हा नायक राजपुत्रही नाही. सोन्याने लादलेलं गाढव वाळूच्या वादळात हरवलंय म्हणून भटकणारा एक लफंगा आहे, आणि गाढवाचं नाव फराह. पडदा हाताने रंगवलेल्या चित्रासारखा. सोबत आहे एलिका नावाची राजकन्या, आणि विरोधात काळोखाचा देव अहिरमन. अहिरमन आणि ओर्मझ्द ही नावं मुंबईच्या पारशी शेजाऱ्यांमुळे आपल्याला परकी नाहीत. आधीच्या भागांत इराण म्हणजे बहुतेक नुसता देखावा होता, इथे प्रथमच जरथुष्ट्री पुराणकथा मध्यभागी आली.

पडल्यावर? एलिकाचा हात येतो. दरवेळी. दरीत कोसळणाऱ्या नायकाचं मनगट ती धरते आणि त्याला मागच्या कडेवर आणून ठेवते. हा गेम हरताच येत नाही, म्हणजे हा लहान मुलांचा खेळ, अशी टीका झाली. खरं पाहता पडल्यावर मागच्या जागी जाणं हे सगळ्याच गेममध्ये होतं. इथे फक्त ‘तुम्ही मेलात’ ही पाटी काढून तिथे एक हात ठेवला होता. नियम जवळजवळ तेच राहिले आणि सूर मात्र संपूर्ण बदलला.

त्या हाताची किंमत शेवटी कळते. अहिरमनला कोंडण्यासाठी एलिका स्वतःचा जीव देते. मग नायक तिला वाचवायला निघतो. प्रकाशाची झाडं एकेक करून तोडतो, तिला जिवंत करतो, आणि अहिरमन मोकळा होतो. ही झाडं खेळणाऱ्याला स्वतःच्या हाताने तोडावी लागतात. इतका वेळ जिने आपल्याला पडू दिलं नाही तिच्यासाठी जग पाडायचं, असा तो हिशोब. इतका कडू शेवट या मालिकेत दुसरा नाही.

त्या गोष्टीचा पुढचा मोठा भाग कधी आलाच नाही. 2010 मध्ये जेक जिलनहालला घेऊन डिस्नेचा चित्रपट आला, त्याच्या जोडीने ‘द फरगॉटन सँड्स’ हा जुन्याच सुरातला गेम आला, आणि मग मोठी शांतता पसरली.

पुण्याचा थांबा

ती शांतता सप्टेंबर 2020 मध्ये भंगली आणि तीही पुण्या-मुंबईतून. ‘द सँड्स ऑफ टाइम’ नव्याने घडवला जाणार, आणि ते काम युबिसॉफ्टचे पुणे आणि मुंबई इथले स्टुडिओ करणार, अशी घोषणा झाली. फ्लॉपीवर राजपुत्र खेळून मोठी झालेली पिढी इथे होतीच. आता तोच राजपुत्र तिच्या शहरात घडणार होता. जानेवारी 2021 ही तारीखही जाहीर झाली.

पण पहिली झलक पाहून जगभरच्या चाहत्यांनी नाकं मुरडली. चेहरे आणि प्रकाश जुनाट वाटतात, असा सूर उमटला. तारीख आधी मार्चवर आणि नंतर बेमुदत पुढे गेली. मे 2022 मध्ये काम माँट्रियलकडे सोपवण्यात आलं, आणि जानेवारी 2026 मध्ये तो प्रकल्पच रद्द झाला. आठवणीतला गेम पुन्हा घडवणं हे नव्या गेमपेक्षा अवघड काम असतं. जुन्या पडद्यावर खरोखर काय दिसत होतं ते लोक विसरलेले असतात. काय वाटलं होतं तेवढंच लक्षात असतं, आणि स्पर्धा त्या वाटण्याशी असते.

फारसीत बोलणारा पर्शिया

मालिकेला नवा श्वास दिला तो फ्रान्समधल्या माँपेलिए इथल्या स्टुडिओने. जानेवारी 2024 मध्ये ‘द लॉस्ट क्राउन’ आला. तो 1989 सारखा बाजूने दिसणारा आहे, पण रंग कॉमिकचे. नायक सारगॉन हा राजपुत्र नसून राजपुत्राचं अपहरण झाल्यावर त्याला शोधायला निघालेला योद्धा आहे. पर्वत काफ, सिमुर्ग पक्षी, वाकवाक वृक्ष ही इराणी आणि अरबी दंतकथांतली मंडळी इथे नुसती नावापुरती नाहीत. सिमुर्गच्या पिसांतून नायकाला शक्ती मिळतात आणि वाकवाक वृक्षाखाली तो विसावतो. हा गेम फारसी भाषेत ऐकत खेळता येतो आणि संगीतात इराणी वंशाच्या मेंट्रिक्स या कलावतीचा वाटा आहे. ‘पर्शिया’ नाव लावणाऱ्या मालिकेला फारसी बोलायला पस्तीस वर्षं लागली.

इथे चुकलेल्याशी गेम समंजसपणे वागतो. एखादी जागा जमत नसेल तर तिचं छायाचित्र काढून नकाशावर टाचून ठेवता येतं. नवी विद्या हाती आली की परत यायचं. चूक ही पुढच्या भेटीची नोंद झाली. आणि सावली? सारगॉन आपली छाया एका जागी सोडून पुढे जातो आणि हवं तेव्हा क्षणात तिच्या जागी परततो. ज्या सावलीने एकेकाळी औषध पळवलं तीच आता पडताना आधार देते.

त्याच वर्षी एव्हिल एम्पायर या फ्रेंच चमूचा ‘द रोग प्रिन्स ऑफ पर्शिया’ चाचणी रूपात आला आणि 2025 मध्ये पूर्ण झाला. त्यात राजपुत्र मेला की पुन्हा छावणीत जागा होतो आणि हूणांच्या स्वारीला नव्याने भिडतो. मरतामरताच शिकायचं, असा त्याचा धडा. ‘द लॉस्ट क्राउन’ची मात्र वाखाणणी होऊनही त्याचा चमू पुढे दुसऱ्या कामांवर पाठवला गेला.

सूर बदलला की बिघडला?

सूर का बदलत गेला याची कारणं साधी आहेत. पहिल्यांदा मेमरीची टंचाई, मग आवाज आणि त्रिमितीय जागा देणारी यंत्रं, मग वयात आलेल्या मुलांवर डोळा ठेवणारा बाजार, मग त्या बाजाराला विटलेले चित्रकार, आणि अलीकडे इतरांच्या पुराणकथा जपून हाताळण्याची जाण. मालिका पस्तीसेक वर्षं टिकवायची तर एकाच पट्टीत गाऊन भागत नाही. पण पट्टी बदलली तरी गाणं तेच आहे का, एवढंच श्रोत्याने विचारायचं असतं.

या मालिकेचं गाणं म्हणजे स्वतःच्या सावलीला भेटणारा, स्वतःची चूक निस्तरणारा आणि काळाकडे थोडी उसनवारी मागणारा माणूस. जे बदल या गाण्यातून उमलले ते टिकले: चमचमती सावली, उलटा फिरणारा काळ, दहाका, एलिकाचा हात. जे बदल गिऱ्हाईक पाहून वरून चढवले ते त्यांच्याच वर्षात जुने झाले. एखादा भाग काळोखा आहे की प्रसन्न, यावर त्याची किंमत ठरवणं म्हणूनच चुकीचं आहे. ‘वॉरियर विदिन’ त्याच्या काळोखामुळे कमी पडत नाही आणि 2008 चा भाग त्याच्या मऊपणामुळे पोरकट होत नाही.

शेवटी एक सुचवणं. घरात मुलं कुठला ना कुठला गेम खेळत असतात आणि तो चांगला की वाईट, हे आपण दुरूनच रक्ताचे शिंतोडे मोजून ठरवतो. त्याऐवजी एकदा शेजारी बसा, कंट्रोलर मागून घ्या आणि खेळा. तुम्ही पडणार हे नक्की. पडल्यावर तो गेम तुम्हाला हिणवतो, घाई करतो, पैसे मागतो, की पुन्हा उभं राहायला शिकवतो, ते नीट पाहा. मग मत द्या.